संघासाठी झिजायला मुलं कशी तयार होतात? खो-खोच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किशोर आणि कुमार गटातल्या खेळाडूंचे पालक आणि नव्याने शिकवायला लागलेले प्रशिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी खो-खो शिकवतो, म्हणून उदाहरणं खो-खोची आहेत. कबड्डी किंवा व्हॉलीबॉल शिकवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडून संघासाठी त्यागाची अपेक्षा करणं योग्य आहे का?

योग्य आहे, पण ती अपेक्षा कशी करता यावर सगळं अवलंबून आहे. मूल आपण काय सोडतोय आणि कशासाठी सोडतोय हे समजून सोडत असेल, तर त्यातून ते मोठं होतं. "मी सांगतो म्हणून सोड" असं म्हटलं की ते ऐकतं, पण तेवढ्यापुरतंच. प्रशिक्षकाची पाठ वळली की संपलं.

मुलं स्वार्थी असतात असं मला अजिबात वाटत नाही. याच वयाची मुलं मित्राला सोडायला वाट वाकडी करतात, डब्यातली अर्धी पोळी देतात, दुसऱ्याने केलेल्या दंग्याचा मार स्वतः खातात. देण्याची वृत्ती त्यांच्यात असतेच. आपला संघ त्यांना तेवढा आपला वाटायला हवा, आणि तिथेच बहुतेक संघ कमी पडतात.

आमचा मुलगा संघात सगळ्यात वेगवान आहे. तरी त्याला सतत "खो दे, खो दे" असं ओरडलं जातं. त्याने स्वतः गडी का मारू नये?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आक्रमणात आठ जण चौकोनात बसलेले असतात आणि एकच जण पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो. समोरचा संरक्षक मात्र दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो. तो साखळीने पळतो, म्हणजे बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी जात राहतो. अशा माणसाला एकट्याच्या वेगावर पकडणं जवळजवळ अशक्य. त्याला थकवणारे, त्याची दिशा बिघडवणारे आणि शेवटी खांबाकडे रेटणारे खो वेगवेगळ्या हातांनी दिलेले असतात. खेळाचे नियमच असे बांधलेत की स्वतःचा पाठलाग अर्धवट सोडून दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय गडी बाद होत नाही.

आता मैदानावर काय घडतं ते पाहा. तुमचा मुलगा संरक्षकाच्या दोन हात मागे आहे. त्याला वाटतं, अजून चार पावलं आणि मिळाला. संरक्षक त्याच क्षणी पट्टीच्या पलीकडे सरकतो. पलीकडे तोंड करून बसलेली सहकारी टाच उचलून, हात टेकवून तयारच असते. खो आत्ता मिळाला तर ती उठताक्षणी सूर मारू शकते. अर्ध्या सेकंदाने मिळाला तर संरक्षक दोन चौकोन पुढे गेलेला असतो. सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदात आहे, आणि तेवढ्यात स्वतःची हाव आवरणं हे या वयात शिकण्यासारखं फार मोठं कौशल्य आहे. हात पुढे करण्यापेक्षा मागे घेणं कठीण.

अडचण अशी की गुणपत्रिकेवर गडी बाद करणाऱ्याचं नाव लागतं, आधीच्या खो देणाऱ्याचं कुठेच लागत नाही. मुलं हुशार असतात. जे मोजलं जातं तेच ती करतात. म्हणून आम्ही मैदानावर एक वेगळी वही ठेवतो. राखीव खेळाडूंपैकी एकजण त्यात प्रत्येक बाद गड्याच्या आधीचे दोन खो कोणी दिले ते लिहितो. सामन्यानंतर आधी ती वही वाचली जाते, गडी कोणी मारले ते नंतर. सरावात पावलांची मर्यादा घालतो: पाठलाग करणाऱ्याने ठरलेल्या पावलांत खो दिलाच पाहिजे, गडी हाताशी असला तरी. सुरुवातीला वेगवान मुलं फार चिडतात. काही आठवड्यांनी त्यांच्याच लक्षात येतं की आता गडी लवकर पडतायत.

तुमच्या मुलाचा वेग वाया जात नाहीये. तो संघात मिसळतोय.

मुलं सरावाला नियमित येत नाहीत. बांधिलकी कशी आणायची?

आधी कारण शोधा. क्लास, बस, घरातली कामं, शाळेची बदललेली वेळ, की मैदानावर आल्यावर अर्धा तास नुसतं उभं राहावं लागतं म्हणून आलेला कंटाळा? शेवटचं कारण प्रशिक्षक सहसा मान्य करत नाहीत, पण माझ्या पाहण्यात तेच सगळ्यात जास्त आढळतं. तीस मुलं, एक मैदान, एक पाठलाग आणि बाकीचे बघतायत, असा सराव असेल तर बांधिलकीबद्दल भाषण देऊन उपयोग नाही. मैदानाचे दोन भाग करा, खांबावरचा सराव वेगळा घ्या, पण प्रत्येकाला घाम येऊ द्या.

नियम मुलांकडूनच करून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांना गोल बसवून विचारा: आपल्याला कुठवर जायचंय, आणि त्यासाठी प्रत्येकाने काय करायचं? प्रशिक्षकाने तेव्हा कमी बोलावं. मुलं स्वतःवर घालून घेतात ते नियम बहुधा आपल्यापेक्षा कडक असतात, उलट आपल्यालाच ते थोडे सैल करावे लागतात. उशीर झाला तर काय, न सांगता गैरहजर राहिलं तर काय, परीक्षेच्या काळात काय, हे त्यांनी ठरवून कागदावर लिहावं आणि खाली सह्या कराव्यात. प्रशिक्षकाचीही सही हवी. मी साडेपाचला सांगून सहाला आलो, तर त्या कागदाला काही किंमत राहत नाही.

आणखी एक. मुलगा आला नाही तर त्याच संध्याकाळी कोणीतरी त्याच्याकडे चौकशी करायला हवी, आणि ती त्याच्याच वयाच्या सहकाऱ्याने. "काय रे, आला नाहीस? खांबाजवळ कोणी नव्हतं बसायला." या एका वाक्याने जे होतं ते सरांच्या दहा फोननी होत नाही. आपल्यावाचून काहीतरी अडलं, हे मुलाला कळतं.

काही मुलं येतात, पण जोर लावत नाहीत. गर्दीत लपतात.

मोठी माणसंही असंच करतात. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं ते असं, की ओढणाऱ्यांची संख्या वाढत गेली तसा एकेकाचा वाटा कमी होत गेला. काही प्रमाणात हे ताळमेळ न जमल्यामुळे होतं. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की आपला जोर वेगळा दिसत नाही असं वाटलं की माणूस नकळत हातही सैल सोडतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाचं काम दिसेल अशी व्यवस्था. "सगळ्यांनी जीव तोडून खेळा" असं म्हणू नका. "तू तिसऱ्या चौकोनात बसतोस, डाव्या खांबाकडून येणारा गडी तुझ्या तोंडासमोरून जातो, तिथे त्याला वळू द्यायचं नाही" असं म्हणा. बसणं हेसुद्धा काम आहे. पाळीभर त्या अवस्थेत, मांड्या पेटलेल्या असताना, कधी येईल ते ठाऊक नसलेल्या खोसाठी ताठ राहणं सोपं नाही. आणि खो मिळण्याआधी उठलं तर फाऊल. आम्ही महिन्यातून एखाद्या सरावात फक्त बैठक बघतो: कोणाचं लक्ष सुटलं, कोणाची टाच जमिनीला टेकली. त्या दिवशी पाठलाग कोणी कसा केला याबद्दल एक शब्द बोलत नाही.

राखीव मुलांना टिकवून कसं ठेवायचं? त्यांचा त्याग तर सगळ्यात मोठा.

अगदी खरं, आणि त्यांच्याशी सगळ्यात कमी बोललं जातं. यादीत बारा असोत की पंधरा, पाळीला उतरणारे नऊच. बाकीच्यांनी तोच सराव केलेला असतो, तोच प्रवास केलेला असतो, आणि घरी गेल्यावर आजी विचारते, "मग, खेळलास का आज?"

पहिलं म्हणजे खरं बोला. "तुलाही संधी मिळेल" असं मोघम सांगून हंगामभर टांगून ठेवू नका. बाजूला घेऊन स्पष्ट सांगा: आत्ता तुझं संरक्षण मिनिटाच्या आत संपतंय, संरक्षणाला उतरणाऱ्या तिघांच्या पहिल्या तुकडीत यायला ते वाढायला हवं, त्यासाठी खांबाजवळचं वळण सुधारू, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घड्याळ लावू. मुलं कटू गोष्ट पचवतात. अनिश्चितता त्यांना पचत नाही.

दुसरं म्हणजे त्यांना खरं काम द्या, पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचं नव्हे. प्रतिस्पर्ध्यांचा कोणता संरक्षक कुठल्या बाजूला झुकतो, कोण हुलकावणीला फसतो, तिसऱ्या तुकडीत कोण कच्चं आहे, हे बाकावरून जितकं दिसतं तितकं मैदानातून दिसत नाही. मध्यंतरात पहिल्यांदा राखीव खेळाडूंनी बोलायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. एका जिल्हा स्पर्धेत आमच्या बाकावरच्या एका मुलीने सांगितलं, "ती सहा नंबरची खांबाला वळताना प्रत्येक वेळी मागे बघते." दुसऱ्या डावात ती सहा नंबरची दोनदा तिथेच पडली. सामना संपल्यावर मुलींनी या पोरीला उचलून घेतलं, आणि तिने त्या दिवशी मैदानात पाऊलही टाकलं नव्हतं.

तिसरं म्हणजे जिथे हरण्या-जिंकण्याने काही बिघडत नाही, तिथे त्यांना पूर्ण खेळवा. निमंत्रित स्पर्धा, शेजारच्या गावाशी मैत्रीचे सामने, साखळीतला निकाल लागून गेलेला सामना. त्यात पहिल्या नवांनी बाकावर बसावं आणि वही लिहावी. त्यांनाही कळू दे तिथून कसं दिसतं.

संरक्षणात त्याग कुठे येतो? तिथे तर प्रत्येकजण स्वतःसाठी पळतो.

संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. पहिल्या तुकडीतला एक जास्त वेळ टिकला की मागच्या सहा जणांवरचा भार तेवढा कमी होतो. पण बारकाईने पाहिलं तर चांगली तुकडी पाठलाग वाटून घेते. एकजण दमला की दुसरा मुद्दाम आक्रमकाच्या टप्प्यात येतो, त्याला आपल्याकडे ओढतो, आणि पहिल्याला चार श्वास मिळतात. यात धोका पत्करणारा कधी कधी स्वतः बाद होतो आणि कागदावर त्याचं संरक्षण एक मिनिटाचं दिसतं, वाचलेल्याचं अडीच मिनिटांचं. अशा वेळी प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर त्या एक मिनिटवाल्याचं नाव घ्यावं. घेतलं नाही तर पुढच्या वेळी कोणीच कोणासाठी पुढे येणार नाही.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, सगळ्यांसमोर बोलणं: याने शिस्त येत नाही का?

भीती येते. धावणं ही शिक्षा केली की मूल धावण्याचा द्वेष करायला लागतं, आणि आपल्या खेळात धावण्याशिवाय आहे काय? चूक झाली तर त्या चुकीवरच काम करा. न सांगता गैरहजर राहिला तर मुलांनीच ठरवलेला नियम लावा. नावं ठेवणं, घरच्या परिस्थितीवरून किंवा वजनावरून बोलणं, अंगावर हात टाकणं, हे कुठल्याही कारणाने चालणार नाही.

दहावी-बारावीच्या वर्षी खेळ थांबवावा का?

सरसकट थांबवू नका. मुलं दहावीला खेळ सोडतात तेव्हा "एक वर्ष फक्त" म्हणून सोडतात, आणि त्यातली बरीच परत येत नाहीत. संघ मोडतो, सवय मोडते, मित्र पांगतात.

वेळापत्रक नीट मांडलं तर दोन्ही जमतं. शालेय स्पर्धांचा मुख्य काळ पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. दहावीच्या मुलाने दिवाळीपर्यंत पूर्ण सराव करावा, मग आठवड्यातून तीन दिवस, जानेवारीपासून अंग मोकळं राहण्यापुरतं. हे आधीच, जूनमध्ये, पालक, मूल आणि प्रशिक्षक एकत्र बसून ठरवा. ऐन नोव्हेंबरात निवड चाचणीच्या आदल्या रात्री फोन करून "तो उद्यापासून येणार नाही" असं सांगणं संघावरही अन्याय आहे आणि त्या मुलावरही.

प्रशिक्षकांना एक कळकळीची विनंती. परीक्षेसाठी सुट्टी मागणाऱ्या मुलाला "तुझी निष्ठा कमी आहे" असं कधीही म्हणू नका. अभ्यास सोडून केलेला त्याग संघाला नको आहे. दहावीच्या मुलांसाठी सरावानंतर मैदानाशेजारच्या खोलीत तासभर एकत्र अभ्यास, आणि पुढच्या वर्गातल्या दादा-ताईंनी गणित समजावणं, एवढं जरी केलं तरी पालकांचा अर्धा विरोध मावळतो. स्पर्धांमधल्या कामगिरीवर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, पण नियम आणि अर्जाच्या मुदती शाळेत वेळेवर विचारून घ्या. केवळ त्या गुणांसाठी मूल मैदानावर आणू नका. ते टिकत नाही.

मुली तेरा-चौदाव्या वर्षी खेळ सोडतात. त्यांना कसं थांबवायचं?

त्यांच्यात बांधिलकी कमी असते हा समज आधी डोक्यातून काढा. या वयातल्या मुली मैदानावर पोचण्याआधीच इतकं काही सोडून आलेल्या असतात की आणखी काय मागायचं असा प्रश्न पडतो. घरी भावाने अभ्यास केला तरी पुरे असतं. हिने भांडी, पाणी, धाकट्याला सांभाळणं उरकून यायचं. अंधार पडायच्या आत परतायचं. पाळीच्या दिवसांत कोणाला सांगायचं ते कळत नाही, म्हणून ती "पोट दुखतंय" म्हणते आणि येत नाही. सर वहीत गैरहजेरी मांडतात.

म्हणून कामाच्या गोष्टी आधी. मैदानावर स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह. सॅनिटरी पॅडचा डबा, कोणाला न विचारता घेता येईल असा. संघासोबत एक ताई, जिच्याशी बोलता येईल, विशेषतः बाहेरगावच्या स्पर्धांना. परतताना मुलींनी गटाने जाणं आणि शेवटची मुलगी घरी पोचेपर्यंत फोनवर खात्री करणं. पाळीत खेळावं की नाही हे त्या मुलीने ठरवावं, खेळायचं असेल तर खेळू द्या, त्रास होत असेल तर विश्रांती द्या, आणि कारण चारचौघांत विचारू नका. सतत थकवा, चक्कर, धाप असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. "दम कमी पडतो" म्हणून ओरडा खाणारी मुलगी कित्येकदा रक्त कमी असल्यामुळे दमत असते.

आई-वडिलांशी बोलताना घरी जा. मैदानावर बोलावून समजावणं आणि त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेताना बोलणं यात फरक पडतो. धाराशिवच्या सारिका काळे यांचं नाव मी अशा घरांत आवर्जून सांगतो. बेताच्या परिस्थितीतून त्या पुढे आल्या, २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या मुलीसारखीच मुलगी होती ती, हे आईला पटलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

दुखत असतानाही खेळणं हा त्यागच ना?

नाही. संघासाठी दुखणं लपवणाऱ्या मुलाचं कौतुक करणं ताबडतोब थांबवा.

वाढीच्या वयात गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखणं धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुलांत नेहमी दिसतं. टाचेच्या मागेही असंच दुखतं. हाडं झपाट्याने वाढत असताना तिथे ओढ बसते. विश्रांती आणि भार कमी केल्याने बहुतेक वेळा बरं होतं, रेटल्याने महिनोन्‌महिने लांबतं. सूर मारताना खांद्यावर पडणं, मॅटवर कोपर सोलणं, घोटा मुरगळणं हेही नित्याचं. सूज आली, लंगडायला लागलं, रात्री दुखून जाग आली, तर डॉक्टरांकडे न्या. डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, अंतिम सामना असला तरी.

आठवड्यातून एक दिवस तरी संपूर्ण सुट्टी हवीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर आठवड्याला एक ते दोन दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने एकाच खेळापासून विश्रांती सुचवते. आपल्याकडे उन्हाळी शिबिर, शालेय स्पर्धा, संघटनेच्या स्पर्धा आणि निमंत्रित स्पर्धा एकमेकांना चिकटून येतात, त्यामुळे ही विश्रांती ठरवून काढावी लागते.

वैयक्तिक बक्षिसांमुळे मुलं स्वतःपुरती खेळायला लागतात का?

लागू शकतात. राष्ट्रीय स्तरावर किशोर गटात भरत आणि इला, कुमार गटात वीर अभिमन्यू आणि जानकी असे मानाचे पुरस्कार आहेत, आणि मुलांनी त्यांची स्वप्नं पाहावीत असंच मला वाटतं. गावोगावच्या स्पर्धांत मात्र प्रत्येक सामन्याला रोख बक्षीस जाहीर व्हायला लागलं की खो उशिरा मिळायला लागतात. यावर एक साधा तोडगा: रोख रक्कम कोणालाही मिळाली तरी ती संघाच्या बूट-पट्ट्यांच्या खर्चात जाते, चषक तेवढा घरी जातो. पण हे आधी ठरलेलं हवं. बक्षीस मिळाल्यावर मुलाच्या हातातून पैसे घेणं वाईट.

सामन्याआधी जोशपूर्ण भाषण द्यावं का?

थोडक्यात बोला. सरावात जे झालं नाही ते भाषणाने होत नाही. एक-दोन सूचना, एकेकाच्या पाठीवर हात, आणि मुलांना त्यांची आरोळी देऊ द्या.

कर्णधार कोणाला करावं?

सगळ्यात चांगल्या खेळाडूलाच करायला हवं असं नाही. सरावाला शेवटच्या मुलाची वाट पाहतो, लहानांना बूट बांधायला शिकवतो, बाद झाल्यावर तोंड पाडून न बसता तुकडीला ओरडून दिशा सांगतो, असा मुलगा शोधा. शक्यतो मुलांनाच विचारा. त्यांना बरोबर माहीत असतं.

ज्येष्ठ खेळाडूंचं वागणं हाच खरा अभ्यासक्रम. खुल्या गटातला दादा स्वतः चुन्याने मैदान आखत असेल तर किशोर गटातली मुलं न सांगता पाण्याचा पाइप धरतात. तो झाडाखाली मोबाइल बघत बसत असेल, तर प्रशिक्षकाने कितीही सांगितलं तरी व्यर्थ.

पालक म्हणून आम्ही नेमकं काय करावं?

वेळेवर खायला द्या. सरावाआधी केळं किंवा चिक्की, नंतर भाकरी-उसळ, अंडं, दूध, जे घरात चालतं ते. महागड्या पावडरींची गरज नाही. सामन्याला नक्की या, पण रेषेबाहेरून "मार त्याला, स्वतः मार" असं ओरडू नका. संघात मुलाने जे शिकलेलं असतं त्याच्या नेमकं उलट ते असतं, आणि मूल आईबाबांच्या आवाजाकडे आधी वळतं.

घरी परतल्यावर पहिला प्रश्न "किती गडी मारलेस?" असा न विचारता "तुमचं आज कसं झालं?" असा विचारून बघा. दुसऱ्या कोणाच्या खेळाबद्दल ते आपणहून सांगायला लागलं, तर समजा मूल संघाचं झालंय.

यात भविष्य आहे का? एवढं सोडून मिळणार काय?

पूर्वीपेक्षा चित्र निश्चित बरं आहे. २०२२ मध्ये फ्रँचायझी लीग सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेसारख्या संस्था खेळाडूंची भरती करतात.

तरीही मुलाला नोकरीचं आमिष दाखवून खेळवू नका. त्या जागांपर्यंत पोचणारे थोडे असतात, आणि बाकीच्यांना आपली वर्षं फुकट गेली असं वाटता कामा नये. ज्याला खेळ आवडतो त्याला रोज संध्याकाळी त्याचा मोबदला मिळतच असतो.

"संघासाठी" असं म्हणून मुलाकडून काहीही करून घेतलं जातंय, हे कसं ओळखायचं?

प्रशिक्षक घरी सांगू नकोस म्हणत असेल, एकट्याला वेगळं बोलावत असेल, वय किंवा जन्मदाखल्यात फेरफार सुचवत असेल, दुखापतीवर डॉक्टरऐवजी स्वतःच इंजेक्शन-गोळ्या देत असेल, दौऱ्यावर पालकांना येऊ देत नसेल, तर थांबा आणि प्रश्न विचारा. मूल अचानक गप्प झालं, मैदानाचं नाव काढताच टाळायला लागलं, तर आधी त्याचं ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका. लैंगिक छळाची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून आपसांत मिटवणं बेकायदा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मैदानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

मोठ्या क्लबने आमच्या चांगल्या खेळाडूला बोलावलंय. त्याने संघाशी निष्ठा म्हणून नकार द्यावा का?

तिथे त्याला चांगलं प्रशिक्षण, राहण्याची सोय आणि शिक्षण मिळत असेल तर जाऊ द्या, आणि आनंदाने जाऊ द्या. नीट चौकशी मात्र करा: वसतिगृह कसं आहे, शाळा कोणती, दुखापत झाली तर खर्च कोणाचा. हंगामाच्या मध्यात जाणं टाळता आलं तर टाळावं, कारण त्याच्या भोवती उरलेल्यांनी खेळ बसवलेला असतो. आम्हाला सोडून गेलेली मुलं दिवाळीत येतात तेव्हा लहानांबरोबर सराव करतात. त्यांना कडवटपणाने निरोप दिला असता तर ती आली नसती.

मुलगा म्हणतोय, आता खेळायचं नाही. समजवावं की सोडून द्यावं?

त्याच दिवशी निर्णय घेऊ नका. हरल्यानंतर, निवड हुकल्यानंतर किंवा मित्राशी भांडण झाल्यावर असं म्हणणं स्वाभाविक आहे. आठवडाभर सुट्टी द्या, मग शांतपणे विचारा: खेळ नकोसा झालाय, की मैदानावरचं काहीतरी नकोसं झालंय? दुसरं असेल तर ते प्रशिक्षकांशी बोलून बदलता येतं. गट बदलता येतो, जागा बदलता येते, कधी कधी सराव आठवड्याचे दोन दिवस कमी केला तरी पुरतं.

हंगाम अर्ध्यावर असेल आणि त्याला काही त्रास नसेल, तर सुरू असलेली स्पर्धा संपेपर्यंत थांबायला सांगा. सोबतच्यांना अचानक उघड्यावर टाकायचं नाही, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्यानंतरही नाहीच म्हणाला तर जाऊ द्या. टोमणे मारू नका, झालेला खर्च काढू नका. त्याचं किट धुऊन परत आणायला सांगा, आणि तो येईल तेव्हा सगळ्या संघासमोर त्याने काय काय केलं ते नाव घेऊन सांगा. पुढे पंच म्हणून, स्पर्धेला मदतनीस म्हणून किंवा धाकट्या बहिणीला सोडायला म्हणून तो परत मैदानावर येतो, तेव्हा त्याला बसायला जागा ठेवा.